विकायचं कधी?

आमच्या नेरूळच्या घरात देवघराच्या खाली एक लहानसं लाकडी कपाट आहे. त्यात आईची पोथी आहे, कापसाच्या वाती आहेत, कापराची डबी आहे, गेल्या कित्येक वर्षांची पंचांगं आहेत आणि एक व्हिडिओ गेम आहे. पोथी आणि पंचांगं ठीक, पण हा शेवटचा ऐवज देवाच्या कपाटात कसा, असं घरी येणारे पाहुणे विचारतात. २०२५ च्या गणपतीनंतर आमच्या घरात जवळजवळ महिनाभर त्याच एका ऐवजावरून खल चालला होता. इंग्लंडमधला एक संग्राहक तो विकत मागत होता. विकायचा की नाही, हा प्रश्न नव्हताच. चिरंजीवांच्या मते प्रश्न होता तो विकायचा कधी, हा.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. घ्यावं कधी, हे सांगणारी माणसं तिथे पैशाला पासरी भेटली. विकावं कधी, हे सांगणारा एकही भेटला नाही. म्हणून हा सगळा प्रकार जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट २००९ सालची. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या मामाने त्याला ‘प्लेस्टेशन-२’ घेऊन दिलेलं. हे यंत्र जपानात २००० साली बाजारात आलं आणि जगभरात पंधरा कोटींहून अधिक खपलं. आपल्याकडे मात्र ते मध्यमवर्गीय घरांत जरा उशिराच पोहोचलं. त्याआधीची पिढी ‘सामुराई’ आणि ‘मीडिया’ वगैरे नावांच्या यंत्रांवर वाढली. पिवळ्या रंगाची कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९ इन वन’ असं छापलेलं, आणि प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ वेगवेगळ्या नावांनी. कॅसेट चालली नाही की तिच्यात तोंडाने फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं, तरी डोंबिवलीपासून सोलापूरपर्यंतच्या प्रत्येक पोराला ते ठाऊक होतं.

प्लेस्टेशनला कॅसेट नव्हती, डीव्हीडीसारखी चकती होती. आणि आपल्याकडे तिचं चोख ‘देशीकरण’ झालेलं होतं. दुकानदार यंत्र उघडून आत एक चिप बसवून द्यायचा. मग पन्नास-शंभर रुपयांत मिळणाऱ्या नकली चकत्या त्यावर बिनदिक्कत चालायच्या. अस्सल गेम विकत घेणाऱ्याला मित्रमंडळी हसत. माझ्या मुलाकडे तीसेक गेम होते, त्यांतले अस्सल मोजून दोन. दोन्ही मी घेतलेले. बँकेतल्या माणसाला नकली वस्तू घरात आलेली आवडत नाही, एवढंच त्याचं कारण.

त्या वर्षी सोनी कंपनीने खास भारतासाठी काही गेम काढले होते. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने तयार केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा त्यांतला पहिला. अशा यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात बनलेला पहिला गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पाठोपाठ ‘देसी अड्डा’ आला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंगाची काटाकाटी असे आपले खेळ होते. मुलाच्या वाढदिवसाला मी वाशी स्टेशनसमोरच्या मॉलमधून हे दोन्ही घेतले. एकेकाची किंमत पाचशे रुपयांच्या आसपास होती.

‘देसी अड्डा’ त्याच संध्याकाळी फोडला गेला. ‘हनुमान’ फोडायला घेतला आणि आई मध्ये आली. ती तेव्हा पंचाहत्तरीची. तिने नातवाला विचारलं, “यात काय करायचं असतं रे?” नातवाने उत्साहाने सांगितलं, “आजी, रिमोटची बटणं दाबली की हनुमान उडी मारतो, गदा मारतो. आपण दाबू तसं तो करतो.”

“आणि हरला की?”

“हरला की मरतो. मग परत पहिल्यापासून.”

आईने तो गेम त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. “मारुतीला आपण नाचवायचं नसतं बाळा. आणि चिरंजीव आहे तो. मरतो कसला!” एवढं बोलून ती देवघराकडे गेली. पुढच्या शनिवारी पाहिलं, तर गेम कपाटात मारुतीच्या तसबिरीशेजारी उभा होता आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट टेकवलेलं होतं.

मी तेव्हा हसलो होतो. पुढे वर्तमानपत्रात वाचलं, की अमेरिकेतल्या राजन झेड या हिंदू नेत्यानेही याच गेमला हरकत घेतली होती. देवाला बटणांच्या ताब्यात देणं योग्य नाही, असाच त्यांच्या म्हणण्याचा सूर. आईचा आणि त्यांचा काही पत्रव्यवहार नव्हता.

आई २०१६ साली गेली. गेम तिथेच राहिला. न फोडलेला.

आता दुर्मीळ वस्तूंच्या बाजाराबद्दल थोडंसं. एखादी वस्तू दुर्मीळ होते ती चांगली असते म्हणून नाही. ती त्या वेळी फारशी कुणी घेतली नाही आणि घेतली त्यांनी जपली नाही, म्हणून होते. आपल्या टपाल खात्याचंच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्या काळी दहा रुपयांचं तिकीट कोण घेणार? त्यांतल्याच काही तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापला होता. २०१७ साली अशा चार जोडतिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली.

व्हिडिओ गेमच्या जगातही अशीच कथा आहे. १९८२ साली अटारी कंपनीने ‘ई.टी.’ नावाचा गेम काढला. तो इतका पडला, की न खपलेल्या कॅसेट दुसऱ्या मालाबरोबर अमेरिकेतल्या आलामोगोर्डो गावाजवळच्या कचराडेपोत १९८३ साली पुरून टाकण्यात आल्या. २०१४ साली तो खड्डा पुन्हा उकरला. निघालेल्या मळक्या, चेपलेल्या कॅसेट लिलावात गेल्या आणि त्यांतून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. ज्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मातीत घातला, तोच माल मातीत घातला म्हणून विकला गेला!

आणि मग आलं २०२१ साल. टाळेबंदीत घरी बसलेल्या, खिशात पैसा असलेल्या लोकांनी बालपण विकत घ्यायला सुरुवात केली. त्या जुलैत ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या गेमची एक न फोडलेली प्रत पंधरा लाख साठ हजार डॉलरना गेली. त्याच्या दोनच दिवस आधी ‘लेजंड ऑफ झेल्डा’ची प्रत आठ लाख सत्तर हजारांना गेली होती. ऑगस्टमध्ये १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत वीस लाख डॉलरना विकली गेली. आपण ज्या मारिओला फुंकर मारून चालवायचो, तोच हा.

चिरंजीवांनी या बातम्या तेव्हा मला वाचून दाखवल्या होत्या. मी म्हटलं, “हा भाव टिकायचा नाही.” “कशावरून?” तो म्हणाला. मी म्हटलं, “मी १९९२ पाहिलंय.” पुढे या वस्तूंना दर्जाचे गुण देणाऱ्या एका कंपनीवर भाव कृत्रिमरीत्या फुगवल्याचा आरोप करणारा दावा २०२२ साली अमेरिकेत दाखल झाला. दाव्यातलं खरंखोटं न्यायालयं पाहतील. पण ज्या बाजारात माल कमी, गिऱ्हाईक मूठभर आणि भाव ठरवणारेही मोजकेच, तिथे एका लिलावाचा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

१९९२ चा उल्लेख केला, तर तेही सांगून टाकतो. वडिलांनी मागे ठेवलेले एका सिमेंट कंपनीचे शेअर्स माझ्याकडे होते. १९९१ च्या अखेरीला मी ते विकले, कारण नेरूळच्या या घराचा हप्ता भरायची मुदत जवळ आली होती. लोकल तेव्हा मानखुर्दलाच थांबायची. पुढे खाडीपुलावरून बसने यायचं. वाशीपर्यंत गाडी १९९२ साली आली. मी विकले आणि शेअर बाजार उधळला. रोज सकाळी बँकेत मित्र मला ‘आज तुझं किती नुकसान झालं’ हे मोजून सांगत. त्या चार महिन्यांत मला झोप नव्हती. बायकोशी मी धड बोलत नव्हतो. एप्रिलमध्ये हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं, बाजार कोसळला, आणि मग तेच मित्र मला दूरदृष्टीचा म्हणू लागले. मी मूर्खही नव्हतो आणि द्रष्टाही नव्हतो. मला घर हवं होतं, एवढंच.

याउलट आईचे पैसे. एका योजनेत तिने साठवलेली रक्कम होती. भाव चांगला होता तेव्हा ‘काढून घेऊ का’ असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, “राहू दे, वाढताहेत.” कशासाठी राहू द्यायचे, हे मी विचारलं नाही, तिनेही नाही. पुढे योजना अडचणीत आली, पैसे काढणं बंद झालं आणि जे हाती आलं ते खूप उशिरा आणि कमी आलं. आईने त्याबद्दल मला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

घराचा हप्ता होता म्हणून शेअर्स विकले आणि आजवर निभावलं. आईच्या पैशांना काही कारणच दिलेलं नव्हतं, म्हणून ते राहिले आणि गेले. विकण्याच्या बाबतीत माझ्या पदरी असलेलं ज्ञान एवढंच आहे.

आता इंग्लंडच्या गृहस्थाकडे येऊ. फक्त एकाच देशात निघालेले गेम जमवणारे लोक जगभर आहेत. भारतात निघालेले प्लेस्टेशन-२ चे गेम त्यांना हवे असतात. ‘हनुमान’, ‘देसी अड्डा’, पुढे आलेले ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’, ‘चंद्रगुप्त’. मुळात अस्सल माल कमी खपला, खपलेला पोरांनी फोडून वापरला, म्हणून न फोडलेली प्रत मिळणं कठीण. त्यांनी देऊ केलेला आकडा मी सांगत नाही. दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक चारचौघांत बोलायची नाही, ही जुनी सवय. पण ताळा करायला म्हणून सांगतो. २००९ साली ते पाचशे रुपये मी मुदत ठेवीत ठेवले असते आणि सरासरी आठ टक्के धरले, तर सोळा वर्षांत त्याचे सतराशेच्या आसपास झाले असते. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला पंधरा हजारांच्या आसपास होतं, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते लाखावर गेलं. म्हणजे पाचशेचे तेहेतीसशे. इंग्लंडच्या गृहस्थाचा आकडा या दोन्हींच्या बराच वर होता.

चिरंजीवांचं म्हणणं, अजून थांबावं. त्याचा तर्क बिनतोड होता. माणूस आपल्या लहानपणीची वस्तू विकत घेतो ती चाळिशीत. तेव्हा पैसा हाती असतो आणि लहानपण दूर गेलेलं असतं. मारिओ खेळलेली पोरं २०२१ मध्ये चाळिशीच्या आगेमागे होती. २००९ ची बारा वर्षांची पोरं चाळिशीत येतील २०३७ साली. तेव्हा भाव येईल.

मी म्हटलं, “बरोबर आहे. पण चाळिशीनंतर साठीही येते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे तिकिटांचे अल्बम होते. आता ती मुलं सत्तरीकडे चालली आहेत, अल्बम एकदमच बाजारात येताहेत, आणि त्यांच्या नातवंडांनी पोस्टाचं तिकीट हातात धरलेलं नाही. माझा अल्बम मी फोर्टातल्या एका दुकानात दाखवला, तर त्याने चहा पाजून परत पाठवला. गिऱ्हाईकही म्हातारं होतं, बाबा.”

त्यात आमची हवा. खाडीकाठच्या या गावात चार महिने पावसाळा म्हणजे पुस्तकांना फुगवटा आणि चपलांना बुरशी. चकतीवर डाग पडू शकतो, आतला कागद लहरतो, वेष्टन सैल पडतं किंवा फाटतं. न फोडलेली वस्तू आतून कशी आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडली की किंमत जाते. बँकेच्या भाषेत ही अशी ठेव, जिच्यावर व्याज नाही, जिची तपासणी करता येत नाही आणि मुदत कधी संपते ते पावतीवर लिहिलेलं नाही. शिवाय मधल्याचं कमिशन, परदेशी टपाल, विमा, पैसे इकडे आणताना होणारी कपात. हातात पडतो तोच भाव. बाकी सगळी बातमी.

कर लागेल का, हेही मी माझ्या एका सी.ए. मित्राला विचारलं. घरातली वापराची चीजवस्तू विकली तर सहसा भांडवली नफा धरत नाहीत, दागिने किंवा कलाकृतींची गोष्ट वेगळी. तो म्हणाला, “पण तुझी वस्तू वापराची कशी? तुम्ही ती वापरलीच नाही!” मी म्हटलं, “आई वापरत होती.” तो हसला. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात राहिलं.

शेवटी चिरंजीवांनी फोटो काढून पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी लिहिलं होतं, की पुढच्या बाजूला वेष्टनावर नारिंगी डाग दिसतो आहे. तो वेष्टनावरच असेल तर सावकाश पुसता येईल. पुसून दिलात तर मी म्हटलेली किंमत. तसाच राहिला तर निम्मी. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं.

रविवारची सकाळ होती. मुलाने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्पिरिट आणलं, कापूस घेतला. मी चष्मा लावून शेजारी बसलो. पहिल्यांदाच तो डाग जवळून पाहिला. बोट टेकवताना ते किंचित वर सरकलं होतं. शेंदूर सुकून घट्ट बसला होता आणि त्यात बोटाच्या रेषा स्पष्ट उठल्या होत्या. बँकेत मी हजारो अंगठे घेतले. अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागते, नाव लिहावं लागतं. इथे तसली काही जरुरी नव्हती.

सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचं आणि आईचं फार गूळपीठ कधीच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, त्यांचा हात आहे तो.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “मी कोण सांगणार? हे मायनरचं खातं होतं. मी पालक म्हणून सही करत होतो. तू अठरा पूर्ण केलीस तेव्हाच माझा अधिकार संपला. वाढदिवसाची भेट तुझी आहे. तू ठरव.”

हे मी काही उदारपणाने म्हटलं नाही. आईच्या पैशांच्या वेळी ‘राहू दे’ म्हणून मोकळा झालो होतो, ते आठवलं. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल पुन्हा ‘राहू दे’ म्हणायचं धैर्य नव्हतं आणि ‘विकून टाक’ म्हणायचंही नव्हतं.

तो बराच वेळ बसला. मग त्याने स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावलं. म्हणाला, “पैसे लागले तर विकेन. त्या दिवशी डाग पुसायला लागला तरी पुसेन, उगाच रडत बसणार नाही. पण आज मला कशासाठी लागताहेत? नवा फोन घ्यायला. त्यासाठी आजीचं बोट पुसायचं नाही.” त्याने इंग्लंडला तसं कळवून टाकलं. ‘देसी अड्डा’ची त्याची फोडलेली, ओरखडे पडलेली प्रत मात्र त्याने पुण्यातल्या एका विद्यार्थ्याला विकली. फारसे आले नाहीत. त्या पोराला ती खेळायची होती.

पुण्याचा विषय निघाला म्हणून आठवलं. राजा केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, दारं अशा वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यांतल्या एकेका वस्तूला बाजारात भाव आला असता. त्यांना वस्तूंची किंमत कळत नव्हती, असं कोण म्हणेल? पण तो मोठ्या माणसांचा मार्ग. तुमच्याआमच्या घरात कपाट एकच असतं आणि हप्ते पुष्कळ असतात. आपल्याला विकावं लागतं. विकण्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही आणखी एक काम केलं. मुलाने एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. एकीत एक रक्कम, दुसरीत एक वर्ष. एवढी रक्कम हातात पडत असेल आणि ती लागण्यासारखं घरात काही असेल, तर विकायचा. त्या वर्षापर्यंत तसं झालं नाही, तर भावाची चौकशी करायची नाही. घरातल्या एखाद्या पोराने फोडून खेळायला मागितला तर त्याला द्यायचा. मी खाली तारीख घातली. भाव चढत असताना माणसाला अक्कल नसते आणि उतरत असताना धीर नसतो. म्हणून जे ठरवायचं ते दोन्ही नसताना, रविवारी सकाळी, शांतपणे ठरवावं. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कर्जदारांना हे पुष्कळ ऐकवलं. स्वतःच्या घरात ते पहिल्यांदाच झालं.

कागद पाकिटात घालून पोथीखाली ठेवला आहे. गेम तसबिरीशेजारी आहे. जवळ सिलिका जेलची एक पुडी टाकली आहे. दर पावसाळ्यात ती बदलायचं काम माझ्याकडे आलं आहे.